लाकडी पेटीतून निघालेला जलतरणपटू

यूट्यूबवर 'मेड इन इंडिया' शोधलंत तर अलिशा चिनॉयचं १९९५चं गाणं सापडेल. बिद्दूचं संगीत, केन घोषचं दिग्दर्शन. अलिशा राणी झालीय. देशोदेशीचे उमेदवार तिच्यापुढे येतात आणि ती एकेकाला नापास करते. शेवटी एक भलीमोठी लाकडी पेटी येते. पेटी उघडते, आतून रुंद खांद्यांचा एक उंच माणूस बाहेर पडतो आणि राणीचा शोध संपतो. घरात आई, मावशी, काकू, जी कुणी तेव्हा कॉलेजात असेल तिला विचारून बघा. गाण्याचे शब्द आठवतील न आठवतील, पेटी नक्की आठवेल.

त्या माणसाच्या तोंडी या गाण्यात काहीच नाही. तो फक्त दिसतो.

मिलिंद सोमण. त्या वेळी तिशीला टेकलेला. अकरा वर्षांपूर्वी, १९८४ साली, काठमांडूला पहिले दक्षिण आशियाई खेळ झाले (तेव्हा त्यांना सॅफ गेम्स म्हणायचे), त्यात भारतासाठी पोहून त्यानं रौप्यपदक आणलं होतं. १९८४ ते १९८८ तो ब्रेस्टस्ट्रोकमधला राष्ट्रीय विजेता होता. पाच वर्षं देशात पहिला! मात्र या पाच वर्षांत त्याला रस्त्यात कुणी ओळखलं असेल असं वाटत नाही. पेटीतून बाहेर यायला काही सेकंद लागले आणि सगळा देश ओळखायला लागला. या दोन गोष्टींमध्ये जी दरी आहे, तिच्याबद्दल लिहायचं आहे.

आधी थोडं माझ्या गावाबद्दल, म्हणजे या दरीकडे मी कुठून बघतोय ते कळेल. पेणमध्ये शरीर घडवणं हा अक्षरशः धंदा आहे. गणपतीच्या कारखान्यांत वर्षभर हात, पोट, खांदे घडत असतात. आणि पडद्यावर जे शरीर चालतं ते दोन-एक वर्षांत कारखान्यात उतरतं. 'बाहुबली' आला तेव्हा लंबोदराच्या पोटालाही घड्या पडल्या, हे तुम्ही मंडपात पाहिलं असेलच. दुसरं म्हणजे कबड्डी. पेण, अलिबाग, रोहा या पट्ट्यात पाऊस सरला, भातं झोडून झाली की गावोगाव रात्रीचे सामने सुरू होतात. चांगला चढाईबहाद्दर गावात हिरो असतो. पण त्याच्या घरी जेवताना विषय निघतो तो एकच: यातून नोकरी लागेल का? पोलीस, रेल्वे, बँक यांच्या संघात जागा मिळाली तर उत्तम. नाही तर नागोठण्याची किंवा धाटावची कंपनी, तीही कंत्राटी. पंचविशीनंतर जर्सी खुंटीला.

राष्ट्रीय विजेत्या जलतरणपटूचं गणित याहून वेगळं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

मराठी पडद्याला मात्र खेळाडूच्या शरीराचं वेड अगदी पहिल्यापासून होतं. मूकपटांच्या काळात तालमीत घुमलेलं अंग ही नटाची पात्रताच मानली जायची. तेव्हाचा सगळ्यात मोठा मराठी स्टंट हिरो म्हणजे मास्टर विठ्ठल. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून पुढे आलेला, मुंबईच्या शारदा कंपनीसाठी उड्या मारणारा, तलवारबाजी करणारा. लोक त्याला हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स म्हणायचे. अर्देशीर इराणींनी १९३१ साली पहिला बोलपट काढला, 'आलम आरा', तेव्हा नायक म्हणून विठ्ठललाच उचललं. शारदाशी केलेला करार मोडला म्हणून प्रकरण कोर्टात गेलं. विठ्ठलची बाजू कुणी मांडली असेल? बॅरिस्टर महंमद अली जिनांनी. खटला जिंकला, सिनेमा आला, आणि पंचाईत अशी झाली की भारताच्या पहिल्या बोलपटाच्या नायकाला धड बोलताच येत नव्हतं. त्याच्या वाट्याला संवाद जेमतेम ठेवले गेले. पुढे बोलपटांत त्याचा भाव उतरत गेला.

विठ्ठलची गोष्ट मुद्दाम सांगितली. शरीर विकत घ्यायचं आणि माणसाला गप्प ठेवायचं, ही पडद्याची जुनी खोड आहे. १९९५चं गाणं बघताना ती लक्षात ठेवा.

मिलिंदचा जन्म ४ नोव्हेंबर १९६५चा, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा. वडील अणुशास्त्रज्ञ, आई उषाताई जीवरसायनशास्त्राच्या अभ्यासक आणि शिक्षिका. सात वर्षांचा होईपर्यंत इंग्लंड, मग थेट दादर. डॉ. अँटोनिओ डिसिल्व्हा हायस्कूल, आणि घराजवळ शिवाजी पार्कचा महात्मा गांधी जलतरण तलाव. दादरची मुलं संध्याकाळी बॅट घेऊन निघत. हा तलावाकडे वळला. नंतर भायखळ्याच्या साबू सिद्दीक पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचा डिप्लोमा. म्हणजे कॉलेजची वर्षं आणि राष्ट्रीय विजेतेपदाची वर्षं बरीचशी एकच. सकाळी पाणी, दिवसा वर्ग, संध्याकाळी परत पाणी.

ब्रेस्टस्ट्रोक हा प्रकार जरा समजून घेऊ, कारण पुढे जे शरीर विकलं गेलं ते यानं घडवलं. पोहण्याच्या चार शैलींतली ही सगळ्यात संथ. बेडकासारखे पाय मारायचे, दोन्ही हात एकदम बाहेर ओढून छातीखाली आणायचे, श्वास घ्यायचा आणि मग काही क्षण काहीच न करता बाणासारखं सरळ सरकायचं. नवशिक्याचा घोटाळा इथेच होतो. त्याला वाटतं सतत हातपाय मारले की वेग वाढेल. प्रत्यक्षात हात आणि पाय यांची वेळ चुकली की पाणीच तुम्हाला मागे खेचतं. ताकद लागते, पण ताकद केव्हा वापरायची नाही हे कळायला वर्षं जातात. खांदे, पाठ, मांड्या यांतून रुंद होत जातात, आणि अंगात एक प्रकारचा थांबा येतो. नंतर रॅम्पवर आणि कॅमेऱ्यासमोर लोकांना जो 'रुबाब' वाटला, त्यातला किती वाटा या थांब्याचा होता कोण जाणे. माझ्या मते बराच.

आता तो काळ बघा. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पी. टी. उषाचं कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं. १९८४, १९८८, १९९२ अशा लागोपाठ तीन ऑलिंपिकमध्ये भारताला एकही पदक नाही. पोहण्यात तर आशियाई पातळीवरही दुष्काळ होता. १९५१ नंतर पहिलं आशियाई पदक आलं ते १९८६ला, सोलमध्ये, खजान सिंगचं २०० मीटर बटरफ्लायमधलं रौप्य. क्रिकेट सोडलं तर खेळाडूला जाहिराती नव्हत्या, प्रायोजक नव्हते. प्रमाणपत्र मिळायचं आणि ते दाखवून नोकरीचा अर्ज भरता यायचा. आमच्या कबड्डीपटूंसारखाच. देशातल्या सगळ्यात वेगवान ब्रेस्टस्ट्रोकरचा डिप्लोमाही शेवटी त्यासाठीच होता.

१९८९ साली ठाकरसी फॅब्रिक्सच्या जाहिरातीसाठी त्याचे फोटो काढले गेले. हे त्याचं मॉडेलिंगमधलं पहिलं काम. कापडाच्या जाहिरातीला उघडं अंग लागत नाही, खांदे लागतात. कापड कसं पडतं हे खांद्यांवर ठरतं. पाण्यानं दिलेले खांदे असे कामाला आले. पोहणं तोवर संपलंच होतं.

पुढची पाच-सहा वर्षं देशच बदलला. १९९१ला आर्थिक उदारीकरण, त्याच सुमारास स्टार टीव्ही, १९९२ला झी. पेणसारख्या गावातही गच्च्यांवरून केबलच्या तारा लोंबायला लागल्या. पडद्याला अचानक चोवीस तास माणसं हवी होती, आणि ती अशी हवी होती की जी 'फॉरेन'ची वाटतील पण आपली असतील. पेटीवरचा शिक्का आठवा. ग्लासगोत जन्मलेल्या दादरकराला त्या शिक्क्यासाठी निवडलं जावं, यातली गंमत तेव्हा कुणाच्या ध्यानात आली नसावी.

याच काळातली दुसरी खेळाडू म्हणजे मधू सप्रे. जन्म नागपूरचा, १९७१चा. मॉडेल होण्याआधी ती अॅथलीट होती. १९९२ला मिस इंडिया झाली आणि त्याच वर्षी बँकॉकच्या मिस युनिव्हर्स स्पर्धेत शेवटच्या तिघींत पोचली. तिथे तिला विचारलं गेलं, की देशाची प्रमुख झालीस तर सगळ्यात आधी काय करशील? तिनं सांगितलं, खेळांसाठी मोठं क्रीडासंकुल बांधीन. मुकुट नामिबियाच्या मिशेल मॅक्लिनला मिळाला आणि मधू तिसरी आली. या उत्तरामुळे मुकुट गेला असं आजही म्हटलं जातं. गरिबीबद्दल बोलायला हवं होतं, मदर तेरेसांचं नाव घ्यायला हवं होतं, असे सल्ले तिला मागाहून बरेच मिळाले. मला मात्र त्या मंचावरचं ते सगळ्यात खरं उत्तर वाटतं. धावायला धड मैदान न मिळालेली मुलगी जगासमोर उभी राहून मैदानच मागत होती. तिच्याकडून सुंदर दिसण्याची अपेक्षा होती. ती बोलली, आणि चुकीचं बोलली असं ठरलं. त्याच उन्हाळ्यात बार्सिलोनाहून भारताचं पथक रिकाम्या हातानं परत आलं, हेही इथेच नोंदवून ठेवतो.

१९९५ला हे दोघे खेळाडू एका जाहिरातीत एकत्र आले. टफ कंपनीचे बूट, छायाचित्रकार प्रबुद्ध दासगुप्ता. मिलिंद आणि मधू, दोघांच्या अंगावर फक्त बूट, आणि दोघांभोवती वेटोळं घातलेला अजगर. गदारोळ झाला. मुंबई पोलिसांनी अश्लीलतेचा गुन्हा नोंदवला. अजगर वापरला म्हणून वन्यजीव संरक्षण कायद्याखालीही खटला झाला. वर्तमानपत्रांत संस्कृतीवर रकानेच्या रकाने आले. बुटांच्या जाहिरातीतला पुरुष जलतरणपटू आहे, म्हणजे ज्या खेळात बूट लागतच नाहीत अशा खेळातला आहे, हे मात्र कुणाला सुचलं नाही. खेळाडू म्हणून त्या चित्राकडे कुणी पाहिलंच नव्हतं. एकाला शरीर विकायचं होतं, दुसऱ्याला झाकायचं होतं. खटला चौदा वर्षं चालला आणि २००९ साली सगळे निर्दोष सुटले.

या चौदा वर्षांत मिलिंद नट व्हायचा प्रयत्न करत होता. 'अ माउथफुल ऑफ स्काय' ही दूरदर्शनवरची इंग्रजी मालिका १९९५चीच, जिच्यात आर. माधवन आणि राहुल बोसही होते. १९९८ला केतन मेहतांची 'कॅप्टन व्योम' आली. तुमच्यापैकी ज्यांचे दादा-ताई नव्वदीत शाळेत होते, त्यांच्या घरी हा अंतराळवीर अजून लाडका असेल. २०००चा 'तरकीब' हा त्याचा पहिला हिंदी सिनेमा, आणि त्यात नाना पाटेकर होता. नाना आमच्याच जिल्ह्यातल्या मुरुडचा. दोघांना एका सिनेमात पाहणं हा चांगला धडा आहे. नाना आवाजानं पडदा भरतो, एक वाक्य तीन ठिकाणी तोडून तीनदा मारतो. मिलिंद उभा असतो. देखणा असतो. त्याच्याकडे बघायला आवडतं आणि तो बोलला की थोडं थांबल्यासारखं होतं. हे मी चाहता असूनही म्हणतोय. '१६ डिसेंबर', 'अग्निवर्षा', मग तमिळमध्ये गौतम मेनन यांच्या 'पचैकिळी मुत्तुचरम्'मधला खलनायक, स्वीडिश 'आर्न'मध्ये चक्क सुलतान सलादिन. यादी मोठी आहे, तिच्यावर फार रेंगाळण्यात अर्थ नाही. बहुतेक ठिकाणी दिग्दर्शकाला पेटीतलाच माणूस हवा होता, फक्त कपडे वेगळे.

आणि मग 'गंध'. सचिन कुंडलकरचा मराठी सिनेमा, प्रदर्शित झाला २००९ला, म्हणजे ज्या वर्षी कोर्टानं सोडलं त्याच वर्षी. वासाच्या धाग्यानं बांधलेल्या तीन गोष्टी. मधल्या गोष्टीचं नाव 'औषध घेणारा माणूस'. तो माणूस मिलिंद. एचआयव्हीबाधित, एकटा राहणारा, वास घ्यायची शक्ती हरवत चाललेला. विभक्त झालेली बायको त्याला भेटायला येते, ती सोनाली कुलकर्णी. एवढंच. बाहेर पाऊस, घरात औषधं, दोघांमधलं न संपणारं बोलणं. ज्या शरीरासाठी देशानं मान वळवली होती, त्याच शरीराला इथे आजारपण दिलंय. आणि त्याला बोलायला दिलंय, मराठीत, घरातल्या आवाजात. तो मोठा अभिनेता आहे असा दावा मी करणार नाही. पण त्या खोलीत तो पहिल्यांदा थकलेला दिसतो, हट्टी दिसतो, वाक्य अर्धं सोडतो, आणि ते अर्धं वाक्य ऐकावंसं वाटतं. ब्रेस्टस्ट्रोकमधला तो थांबा इथे उपयोगी पडला असेल का? मला उगाच तसं वाटतं. सिनेमाच्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मिलिंदच्या कामाची मात्र फारशी चर्चा झाली नाही. तुम्ही 'मेड इन इंडिया' दहा वेळा पाहिलं असेल तर 'गंध' एकदा तरी बघा.

त्यानंतर सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या 'संहिता'त तो राजा झाला, 'बाजीराव मस्तानी'त अंबाजीपंत, २०२५ला आलेल्या 'इमर्जन्सी'त सॅम माणेकशॉ. पण आज चोवीस-पंचवीस वर्षांच्या कुणालाही विचारलं तर त्याची ओळख वेगळीच येते: पळणारा माणूस. २०१२ला बायकांसाठीची 'पिंकेथॉन' सुरू केली. जुलै २०१५ला झुरिकची आयर्नमॅन शर्यत पुरी केली: ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल, ४२.२ किलोमीटर पळणं, वेळ १५ तास १९ मिनिटं, वय ४९. २०१७ला फ्लोरिडात अल्ट्रामॅन, तीन दिवसांत ५१७.५ किलोमीटर. आणि हे पळणं अनवाणी. एकेकाळी बुटांशिवाय अंगावर काही नव्हतं म्हणून चौदा वर्षं खटला चालला, त्या माणसानं शेवटी बूटच टाकून दिले. २०१६ला उषाताई नऊवारीचा विचार न करता साध्या साडीत, अनवाणी, लेकाबरोबर रस्त्यावर पळाल्या. तो व्हिडिओ त्याच्या कुठल्याही सिनेमापेक्षा जास्त लोकांनी एकमेकांना पाठवला असेल. २०२०ला गोव्याच्या किनाऱ्यावर विवस्त्र धावतानाचा फोटो टाकला म्हणून पुन्हा गुन्हा नोंदला गेला. पंचावन्नाव्या वाढदिवसाला! पंचवीस वर्षांनी तीच फिर्याद, फक्त अजगर नाही.

सगळ्यांचं असं झालं नाही. प्रवीणकुमार सोबती हे थाळीफेकीत दोनदा आशियाई सुवर्ण मिळवणारे, १९६८ आणि १९७२च्या ऑलिंपिकला गेलेले. देशाला ते माहीत झाले 'महाभारत'मधला भीम म्हणून. उतारवयात पेन्शनसाठी त्यांना जाहीरपणे बोलावं लागलं आणि फेब्रुवारी २०२२ला ते गेले. सोलापुरात जन्मलेला सलील अंकोला १९८९ला कराचीत सचिन तेंडुलकरबरोबर एकाच कसोटीत पदार्पण करणारा गोलंदाज. ती त्याची एकुलती एक कसोटी. पायाच्या हाडाच्या दुखण्यानं अठ्ठाविसाव्या वर्षी खेळ सुटला, मग 'कुरुक्षेत्र'सारखे सिनेमे, मालिका, मोठी पडझड, आणि बऱ्याच वर्षांनी निवड समितीत बसून परत क्रिकेट. त्याच्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा.

इकडे कबड्डी स्वतःच पडद्यावर गेली. २०१४ला प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा पहिल्या लिलावातला सगळ्यात महाग खेळाडू राकेशकुमार होता, १२ लाख ८० हजारांना. २०२३ला पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाखांच्या वर बोली गेली. खेळणाऱ्याला खेळत असतानाच बघायचे पैसे मिळायला लागले. त्यासाठी पेटीत शिरायची गरज उरली नाही. निदान वरच्या काही जणांना तरी. कारण लीगमध्ये संघ मोजके आणि आमच्या एका तालुक्यात मंडळं किती ते मोजायला बसलं तर रात्र सरेल. धाटावच्या कंपनीची पहिली पाळी करून संध्याकाळी सरावाला येणारी मुलं अजून तेवढीच आहेत.

फरक एवढा की आता त्यांच्याकडे मोबाइल आहे. रोह्याच्या बाजूला मैदानाच्या कडेला पाण्याच्या बाटलीला टेकवून फोन उभा केलेला असतो आणि एकेक जण आपली चढाई शूट करून घेतो. रील पेणपासून पनवेलपर्यंत फिरते. चढाई संपली की पोरगा धापा टाकत आधी फोनकडे जातो आणि कानाला लावून बघतो, दम नीट ऐकू आलाय का.